क्लॅड प्लेटवर पहिलं होल ड्रिलिंग? आधी हे वाच
भाऊ, क्लॅड प्लेट म्हणजे स्टीलवर दुसऱ्या धातूचा थर बसवलेली प्लेट, अन् होल ड्रिलिंग म्हणजे बारीक भोक पाडून आत अडकलेला ताण मोजणं. रोझेट (भोकाभोवती चिकटवायचा स्ट्रेन मोजायचा गेज) चिकटवायच्या आधी ग्राइंडर अजिबात लावू नको, त्यानं वरच्या थरात नवाच ताण बसतो न मग तू प्लेटचा नाही, ग्राइंडिंगचा ताण मोजतो. हातानं पॉलिश पेपर, हळूहळू.

वरच्या थराचं स्टेनलेस गरम झाल्यावर खालच्या कार्बन स्टीलपेक्षा जास्त फुगतं, दर डिग्रीला 17 अन् 12 मायक्रोस्ट्रेनच्या (लांबीचा दहा लाखावा भाग) आसपास, म्हणून थंड होताना वरचा थर बहुतेक ओढलेलाच राहतो, टेन्साइल (ओढीचा) आकडा आला तर घाबरू नको.

मे महिन्यात दुपारी तर बसूच नको, हिंगण्याला पत्र्याच्या शेडमधे माझं रीडिंग ड्रिल न लावताच सरकून राहिलं होतं! पहाटे कर. अन् टायटॅनियम क्लॅड असलं तर रीडिंगवरून ताण काढायचे गुणांक थरासाठी अन् जोडाखालच्या स्टीलसाठी एकच वापरू नको, टायटॅनियमचं मॉड्युलस (ताठपणा) स्टीलच्या जवळपास निम्मं असते.