यथार्थदर्शन की यथादर्शन?

एका चित्रकला शिक्षिकेने विचारलं आहे: "आठवीच्या वर्गात संकल्पचित्र आणि यथार्थदर्शन शिकवते. मुलं विचारतात, संकल्पचित्र म्हणजे नक्षीच ना? आणि यथार्थदर्शनाला परिप्रेक्ष्य म्हटलं तर चालेल का?"

यथार्थदर्शन म्हणजे पर्स्पेक्टिव्ह, दूरचं लहान आणि जवळचं मोठं दाखवायची चित्रातली रीत; संकल्पचित्र म्हणजे डिझाईन, त्याकडे शेवटी येतो. नाही बाई, परिप्रेक्ष्य चालणार नाही. हिंदीतून आलेला हा शब्द 'बदलत्या जागतिक परिप्रेक्ष्यात' असल्या वाक्यांतून रोज कानावर आदळतो. परि म्हणजे सभोवार: परिसर, परिक्रमा, परीघ. चित्र काढणारा सभोवार पाहत नाही. तो एका जागी उभा राहतो, एक डोळा मिटतो आणि समोर बघतो. 'दृष्टिकोन'ही नको, तो शब्द मतांच्या कामाला लागला आहे.

पण माझी खरी तक्रार तुमच्या फळ्यावरच्या शब्दाबद्दल आहे. यथार्थ म्हणजे यथा अधिक अर्थ, वस्तू जशी आहे तशी. आता रेल्वेचे रूळ घ्या. आपल्या ब्रॉडगेजच्या दोन रुळांत १६७६ मिलिमीटर अंतर असतं, पुण्याला तेवढंच आणि सोलापूरलाही तेवढंच. कागदावर मात्र आपण ते क्षितिजरेषेवर एका बिंदूत मिळवतो. हे यथार्थ कसं? न्याय या आपल्या जुन्या तर्कशास्त्रात शिंपल्याला चांदी समजणं हे अयथार्थ ज्ञानाचं नेहमीचं उदाहरण आहे. मिळणारे रूळ त्याच पंगतीत बसतात. यथार्थ म्हणायचंच असेल तर घनभूमितीला म्हणा. तिथल्या आराखड्यात ठोकळ्याची ५ सेंटिमीटरची कड ५ सेंटिमीटरच राहते, पाहणारा कुठेही उभा असो.

म्हणून शब्द हवा यथादर्शन, म्हणजे जसं दिसतं तसं. तो नवा नाही, छापलेला सापडतो. मधला 'अर्थ' तेवढा काढायचा.

यथार्थदर्शनाची बाजू घेणारे कोशप्रेमी सांगतात की अर्थ म्हणजे इंद्रियाचा विषय, तेव्हा 'डोळ्याला जाणवतं तसं' असा अर्थ लागतोच. ही निव्वळ ओढाताण आहे. पारिभाषिक शब्द वर्गातल्या मुलासाठी असतो, आणि त्याला यथार्थ म्हणजे खरंखुरं एवढंच कळतं. आमच्या शेजारच्या मुलाने टेबल काढलं होतं. वरची फळी पूर्ण आयत, जणू छतावरून पाहिलेली, आणि चारही पाय तंतोतंत सारख्या लांबीचे. मागचे पाय आखूड का नाहीत, असं विचारलं तर म्हणाला, "खरंच सारखे आहेत, पट्टीने मोजले." त्याने यथार्थच काढलं होतं! चुकला तो शब्द, मुलगा नव्हे.

आता ज्यासाठी मी लिहायला बसलो ते. पर्स्पेक्टिव्ह हा शब्द लॅटिन 'पेर' म्हणजे आरपार आणि 'स्पेकेरे' म्हणजे पाहणे यांतून आला. या स्पेकेरेचं सख्खं भावंड संस्कृतात आहे: स्पश् धातू. पश्यति मध्ये त्याचा स गळाला, पण 'स्पष्ट' मध्ये टिकला. स्पष्ट म्हणजे मुळात नीट दिसलेलं. ऋग्वेदात वरुणाचे हेर आहेत, त्यांचं नाव स्पश. पतंजलीच्या महाभाष्य या व्याकरणग्रंथाचं पहिलं आह्निक, म्हणजे प्रकरण, पस्पशा, आणि माघ कवीने त्यावर श्लेष साधला: पस्पशेविना व्याकरण शोभत नाही, तसं हेरांविना राजकारण. शाळा तपासायला येणारा इन्स्पेक्टर याच कुळातला, इंग्रजीतला स्पायही. म्हणजे तुम्ही मागच्या बाकाला "स्पष्ट दिसतंय का?" असं विचारता, तेव्हा पर्स्पेक्टिव्हचाच धातू तुमच्या तोंडी असतो. वर्षानुवर्षं स्पष्ट म्हणत आलो आणि हे नातं कळलं त्या दिवशी मला झोप लागली नाही.

त्यातलं 'आरपार' तर वर्गात करून दाखवता येतं. इटलीच्या आल्बेर्ती या कलापंडिताने १४३५ मध्ये चित्राला उघड्या खिडकीची उपमा दिली. जर्मन चित्रकार ड्यूररच्या १५२५ च्या ग्रंथात एक चित्रकार काचेवर समोरच्या माणसाचं चित्र उतरवताना दिसतो. तुमच्या वर्गाला खिडकी आहेच. मुलाला एक डोळा मिटून, डोकं न हलवता, काचेवर स्केचपेनने बाहेरच्या, तिरकं दूर जाणाऱ्या कुंपणाच्या वरच्या आणि खालच्या कडा गिरवू द्या. मग त्या रेघांवर पट्टी ठेवून पुढे वाढवा. लोपबिंदू, म्हणजे रेघा जिथे मिळतात तो बिंदू, त्याचा त्यालाच सापडेल. फळ्यावर आमचे सर त्या बिंदूवर खिळा ठोकत, त्याला दोरा बांधत, दोऱ्याला खडू चोळून ताणत आणि फटकन सोडत. एका फटक्यात रेघ उमटे आणि खडूची पांढरी धूळ पहिल्या बाकावर बसे.

राहिली नक्षी. हा शब्द अरबी 'नक्श'वरून फारसीमार्गे आला, नकाशा त्याचाच भाऊ. नक्षी म्हणजे पृष्ठभागावर उमटवलेली वेलबुट्टी. संकल्पचित्र त्याआधी सुरू होतं. चौकोनात पान कुठे, मोकळी जागा किती, रंग कोणते, हे पेन्सिल टेकण्याआधी ठरवणं म्हणजे संकल्प, पूजेत पाणी सोडून करतात तोच. इंग्रजी डिझाईनमध्येही मनातला बेत आणि कागदावरची रेघ दोन्ही आहेत. फ्रेंचांनी त्यांची दोन स्पेलिंगं केली, आपण एकाच शब्दात दोन्ही ठेवले. तेव्हा मुलांना सांगा, नक्षी संकल्पचित्रात येते, पण चित्रकलेच्या एलिमेंटरी परीक्षेच्या पेपरात घाईने वेलबुट्टीच भरत सुटलं तर संकल्प राहून जातो.