'स्ट्रॉबेरी मून'सारखी ऋतूवरून पडलेली नावे आपल्या पौर्णिमांना आहेत का?

अमेरिकेत जूनच्या पौर्णिमेला 'स्ट्रॉबेरी मून' म्हणतात, तशी ऋतूशी जोडलेली नावे आपल्याकडे आहेत का, असे आपण विचारले आहे. आहेत, मात्र ती पंचांगापेक्षा समुद्रकिनारी आणि भातखाचरांत अधिक सापडतात.

पंचांगातील महिन्यांची नावे नक्षत्रांवरून आली आहेत. पौर्णिमेचा चंद्र चित्रा नक्षत्राच्या आसपास असतो तो चैत्र, कृत्तिकांजवळ असतो तो कार्तिक. त्यामुळे 'चैत्री पौर्णिमा' म्हटल्याने उन्हाळ्याचा बोध होतो तो केवळ सवयीने, शब्दातून नव्हे. (जाता जाता : 'स्ट्रॉबेरी मून'चा चंद्राच्या रंगाशी काही संबंध नाही. उत्तर अमेरिकेतील मूळनिवासी अल्गॉन्क्विन लोकांच्या मुलखात त्या सुमारास रानस्ट्रॉबेरी पिकतात, म्हणून ते नाव. गुलाबी चंद्राची जी चित्रे दर जूनमध्ये फिरतात, त्यांवर विश्वास ठेवू नये.)

लोकांच्या तोंडची नावे निराळी आहेत. श्रावणात पावसाचा जोर ओसरू लागतो, खवळलेला दर्या निवू लागतो आणि कोळी बांधव त्याला नारळ अर्पण करून होड्या पाण्यात लोटतात, म्हणून ती नारळी पौर्णिमा. नाव नारळाचे असले तरी मुहूर्त समुद्राने ठरवलेला आहे. आता मासेमारी सुरू होण्याची सरकारी तारीख आणि तिथी यांचा मेळ बसतोच असे नाही : 2023 मध्ये पश्चिम किनाऱ्यावरील मासेमारीबंदी 31 जुलैला संपली, तर अधिक श्रावणामुळे नारळी पौर्णिमा 30 ऑगस्टला आली.

मला सर्वांत अर्थपूर्ण वाटते ती आश्विनातील पौर्णिमा. शहरात तिला कोजागरी म्हणून ओळखतात आणि 'को जागर्ति', म्हणजे 'कोण जागे आहे', या लक्ष्मीच्या प्रश्नाची आठवण ठेवून दूध आटवतात. कोकणात मात्र तीच नव्याची पौर्णिमा, कारण तोवर हळवे, म्हणजे लवकर पिकणारे, भात कापणीला आलेले असते. आमच्या गावच्या घरी त्या दिवशी भाताची लोंबी, नाचणीचे कणीस, आंब्याचे पान, कुरडू आणि झेंडूची फुले एकत्र बांधून दाराच्या चौकटीवर लावतात. या जुडीलाच 'नवे' म्हणतात. ते वर्षभर तिथेच वाळत राहते आणि पुढच्या आश्विनात नवी लोंबी हाती आली की मगच खाली उतरते.