घरच्यांचे फोटो भरपूर आहेत, पण भिंतीवर लावले की पसारा वाटतो. काय करावं?

आधी फोटो कमी करा. सगळे कॅमेऱ्याकडे बघून हसताहेत असे पाच फोटो लावण्यापेक्षा आजी नातीची वेणी घालतेय असा एकच लावा, बघणारा तिथे थांबतो.

उंची बहुतेकांची चुकते, फ्रेम छताच्या जवळ जाते. फोटोचा मध्य जमिनीपासून साधारण १४५ ते १५० सेंमीवर हवा. सोफ्याच्या वर लावायचा असेल तर पाठीपासून १५-२० सेंमी अंतर पुरे. खिळे ठोकण्याआधी फ्रेमच्या मापाचे वर्तमानपत्राचे तुकडे कापून भिंतीला चिकटवा आणि दोन दिवस तसेच राहू द्या. कुठे काय खटकतंय ते आपोआप कळतं.

१२ बाय १८ इंची प्रिंट जवळूनही स्वच्छ दिसायला ३६०० बाय ५४०० पिक्सेल लागतात. व्हॉट्सॲपवरून आलेला फोटो सहसा तेवढा नसतो, मूळ फाइलच मागवा.

थेट ऊन येणारी भिंत टाळा, रंग उडतात. जुन्या फोटोंची स्कॅन केलेली प्रत लावा, मूळ फोटो कपाटात. आणि काचेला फोटो चिकटू नये म्हणून मध्ये माउंट, म्हणजे फोटोभोवतीची जाड पुठ्ठ्याची चौकट, घालायला सांगा. फ्रेमवाले विचारतीलच असं नाही.