पायाचं सूप थरथरतं ते जिलेटिनमुळे

‘बोकडाचे पाय चार तास उकळले की कोलॅजेन निघतंच, मग लॅबमध्ये ॲसिड आणि एन्झाइमचा खटाटोप कशाला?’ असं तुम्ही विचारलंय.

उकळून निघतं ते जिलेटिन. कोलॅजेन म्हणजे कातडी, हाडं, खवले यांना बळकटी देणारं प्रथिन; त्यात तीन साखळ्या दोरीसारख्या एकमेकींभोवती वळलेल्या असतात. उष्णतेने तो पीळ सुटतो आणि गार केल्यावर पहिल्यासारखा बसत नाही. सूप प्यायला त्याने काही बिघडत नाही. पण त्यावर पेशी वाढवायच्या असतील तर पीळ शाबूत लागतो.

मी एम.एस्सी.च्या प्रोजेक्टला रोहूचे खवले घेतले होते. बाजारात ते फुकट मिळायचे, वर ‘एवढा कचरा नेऊन करतोस काय?’ हेही ऐकायला मिळायचं. खवले धुऊन आधी ०.१ मोलर (मोलर हे द्रावणाच्या तीव्रतेचं माप) कॉस्टिक सोड्यात ठेवायचे, म्हणजे इतर प्रथिनं निघून जातात. मग कॅल्शियम काढायला ईडीटीए, म्हणजे कॅल्शियम धरून ठेवणारं रसायन. खवला नखाने दुमडला की कागदासारखा वाकायला लागतो, तेव्हा समजायचं काम झालं. त्यानंतर ०.५ मोलर ॲसेटिक ॲसिडमध्ये तीन दिवस ढवळत ठेवायचं. द्रव घट्ट, चिकट होतो. गाळून मीठ घातलं की त्यात पांढरे धागे तरंगू लागतात, तेच कोलॅजेन. पुढे मीठ काढायला डायलिसिस, म्हणजे बारीक छिद्रांच्या पिशवीत घालून मीठ बाहेर झिरपू देणं, मग फ्रीझ ड्राय, म्हणजे गोठवून सुकवणं.

हे सगळं ४ अंशांवर. एका शनिवारी आमच्या कोल्डरूमची वीज गेली, भर मे महिन्यात. सोमवारी बीकरमधला चिकट द्रव पाण्यासारखा पातळ! रोहू गरम पाण्यातला मासा, म्हणून त्याचं कोलॅजेन तीस अंशांपर्यंत तरी तग धरतं. थंड समुद्रातल्या कॉड माशाचं तर १५ अंशांच्या आसपासच मोडतं.

आता तुमच्या प्रश्नातलं एन्झाइम, म्हणजे जठरात प्रथिनं पचवणारं पेप्सिन, ते कशाला? जनावर जून झालं की कोलॅजेनच्या रेणूंमधले आडवे बंध वाढतात आणि नुसत्या ॲसिडला ते दाद देत नाहीत. पेप्सिन रेणूची फक्त टोकं कापतं, मधला पीळ त्याला तुटत नाही. त्यामुळे जास्त माल हाती लागतो.

घरी बघायचंच असेल तर पायातली एक शीर (रक्ताची नव्हे, स्नायू हाडाला जोडणारी पांढरी दोरी) धुऊन, व्हिनेगरमध्ये थोडं पाणी घालून त्यात बुडवा आणि फ्रीजमध्ये ठेवा. दोन दिवसांत ती काचेसारखी पारदर्शक होऊन फुगेल. विरघळणार मात्र फारशी नाही; बोकड जून असेल तर नाहीच.