ग्रामोफोनची तुटलेली स्प्रिंग

प्रश्न : आजोबांच्या एचएमव्ही ग्रामोफोनला चावी देताना धाडकन आवाज झाला. आता चावी नुसतीच फिरते. स्प्रिंग कुठे मिळेल? (एक वाचक, पंचवटी)

उत्तर : मेन स्प्रिंग (तबकडी फिरवणारी, गुंडाळलेली पोलादी पट्टी) तुटली किंवा अडकवायच्या आकड्यावरून सुटली आहे. तुटलेली स्प्रिंगही तिच्या गोल डब्यात दाबून बसलेली असते, सुटली की उसळते. हातमोजे आणि चष्म्याशिवाय त्या डब्याचं झाकण उघडू नका. टोकाशीच तुटली असेल तर नवी कशाला? तेवढंच टोक तापवून मऊ करा, नवं भोक पाडा. मधे तुटली असेल तर रुंदी, लांबी, टोकांची भोकं आणि व्हर्नियरने (बारीक मापं घ्यायच्या मोजपट्टीने) जाडी मोजा. मापं घेऊनच मुंबईच्या चोरबाजारात, मटन स्ट्रीटवर जा. जाडी वाढली की डब्यात वेटोळी कमी बसतात, रेकॉर्ड अर्ध्यातच मंदावते. बसवण्याआधी डबा रॉकेलने धुवा, ग्राफाइट ग्रीस भरा.