स्प्रिंट एका आठवड्याचा ठेवावा की दोन?

स्प्रिंट म्हणजे सॉफ्टवेअर टीमच्या कामाचा ठरलेल्या मुदतीचा छोटा टप्पा. तो एका आठवड्याचा ठेवा. झालं उत्तर. पण तुमच्या प्रश्नात पुढे लिहिलंय, ‘डेमो मॅनेजरलाच दाखवतो, युजरला कशाला त्रास?’ त्यासाठी लिहायला बसलो.

पणजीत पाटोवरच्या एका छोट्या कंपनीत होतो. मालीम जेटीवरच्या एका ट्रॉलरमालकाला लिलावाची नोंद मोबाइलवर हवी होती: कुठली मासळी, किती क्रेट, काय दर, कोणी उचलली. १ जून ते ३१ जुलै ट्रॉलरची मासेमारी बंद असते. आमच्या लीडने हिशेब मांडला: ६१ दिवस, दोन-दोन आठवड्यांचे चार स्प्रिंट, ऑगस्टला ॲप हातात. मी मे महिन्यातच म्हटलं, बंदीआधी एकदा पहाटे जेटीवर जाऊन येऊ. लीड म्हणाला, “ते कुठल्या स्टोरीत टाकू? पॉइंट किती देऊ?” स्टोरी म्हणजे यादीतलं एक काम, पॉइंट म्हणजे त्याच्या मेहनतीचा अंदाज. विषय संपला.

चारही डेमो एसीत झाले. मालक यायचा, चहा घ्यायचा, मान डोलवायचा. बर्नडाउन, म्हणजे उरलेल्या कामाचा उतरता आलेख, इतका देखणा की लीडने प्रिंट काढून भिंतीला लावला.

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात नोंद ठेवणाऱ्या मावशींच्या हातात फोन दिला. हात बर्फाच्या पाण्याने थबथबलेले. १२ क्रेट टाकायला गेल्या, स्क्रीनने ११२ घेतले. पदराला बोट पुसून पुन्हा दाबलं, तर काहीच नाही. ओल्या बोटाने टचस्क्रीन बिथरतो हे आम्हाला शाळकरी पोरांइतकंच माहीत होतं. तोवर लिलाव तीन ढीग पुढे गेलेला. “बाबा, ओल्या हाताक तुजो हो मोबायल आयकना,” म्हणत त्यांनी फोन माझ्याकडे दिला, जवळचा पुठ्ठा फाडला आणि बॉलपेनने आकडे लिहायला लागल्या.

दुसऱ्या दिवशी म्हापशातून आकड्यांचा वायरवाला कीपॅड आणला, प्लास्टिकच्या पिशवीत बांधून फोनला जोडला. पिशवीवरूनही बटण दाबलं जातं. चाललं की!

२००१ साली अमेरिकेत युटात १७ जणांनी ॲजाइलचा, म्हणजे छोट्या टप्प्यांत सॉफ्टवेअर बनवायच्या पद्धतीचा, मॅनिफेस्टो (जाहीरनामा) लिहिला. त्याच्या १२ तत्त्वांत धंदा कळणारे आणि डेव्हलपर यांनी रोज एकत्र काम करायचं, असं साफ लिहिलंय. आमच्याकडे ॲजाइलच्या नावाने स्टँडअप, म्हणजे रोजची उभ्याउभ्या बैठक, तेवढी पोचली, आणि पंधरा मिनिटांची तीही पाऊण तास चालायची. युजेबिलिटीवाले, म्हणजे वस्तू वापरायला सोपी आहे का हे तपासणारे, जेकब नील्सन म्हणतात, पाच युजर बसवले तरी बहुतेक चुका सापडतात. आम्हाला एक मावशी पुरली असती. मे महिन्यात.

हां, टेस्टिंग सगळं हाताने होत असेल तर एका आठवड्यात दम लागेल, मग दोनच बरा. आणि आमचा लीड वाईट माणूस नव्हता, कोड माझ्यापेक्षा चांगला लिहायचा. भेटला की अजून सांगतो, “पावसाने घात केला रे.”

ऑगस्टमध्ये मालीमला पाऊस असतो, हे त्याला कुठल्या स्प्रिंटमध्ये कळणार होतं?