रचनाकाराच्या रकान्यात गायकाचं नाव

जुन्या मैफलींच्या टेपा डिजिटल करणाऱ्या एका न्यासाच्या विश्वस्तांचं पत्र आहे. अशी पत्रं हल्ली वरचेवर येतात. सूचीत ‘रचनाकार’ हा रकाना रिकामा सोडता येईना म्हणून सरसकट गायकाचंच नाव भरलं आणि सूची संकेतस्थळावर टाकली. एका दिवंगत रचनाकाराच्या मुलीने त्यावर नोटीस धाडली. रचनाकार 1976 साली वारले, तेव्हा कॉपीराइट संपलाच ना, असं विश्वस्त विचारतात.

नाही. तो 2036 अखेरपर्यंत आहे. पण तो हिशेब इथे दुय्यम. कॉपीराइट कायद्याचं कलम 57 वाचा. कॉपीराइट विकून टाकला तरी ‘ही रचना माझी’ असं सांगण्याचा हक्क कर्त्याकडेच राहतो. 2012 च्या दुरुस्तीपासून तो हक्क कर्त्याच्या पश्चात कायदेशीर वारसांनाही बजावता येतो. त्याआधी वारसांच्या हक्कांतून नेमका तेवढाच वगळलेला होता. नोटीस शिष्याची असती तर माझं उत्तर कदाचित वेगळं असतं. इथे ती मुलीची आहे.

‘राग पारंपरिक म्हणून बंदिशही पारंपरिक’ हा बचाव लिहूच नका. जगन्नाथबुवा पुरोहितांच्या बंदिशीत ‘गुणिदास’ येतं, फैयाज खाँसाहेबांच्या बंदिशीत ‘प्रेमपिया’. तुमच्या टेपेवर अंतऱ्यात अशी मुद्रा, म्हणजे रचनाकाराचं टोपणनाव, ऐकू येत असताना रकान्यात गायक कसा बसला? अर्थात मुद्रा हा निर्णायक पुरावा नव्हे. दुसऱ्याची मुद्रा घालणारेही झाले आहेत.

गाणं म्हणजे रचणं नव्हे. डागर घराण्याच्या ‘शिवस्तुती’ या रचनेवरच्या दाव्यात दिल्ली उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने सप्टेंबर 2025 मध्ये हाच भेद धरून आधीचा, डागरांच्या बाजूचा अंतरिम आदेश रद्द केला. शिवाय कलम 55 प्रमाणे प्रकाशित प्रतीवर कर्ता म्हणून ज्याचं नाव, तोच कर्ता असं उलट सिद्ध होईपर्यंत गृहीत धरलं जातं. ऑनलाइन सूचीला ‘प्रत’ म्हणता येईल का, यावर वाद होऊ शकतो. पण उद्या गायकाचे वारस तुमचीच सूची पुढे करतील, त्याचं काय?

बाईंनी पैसे मागितलेले नाहीत, फक्त वडिलांचं नाव मागितलंय. आणि तुम्ही नोटीस पाच महिने फायलीत ठेवलीत! दावा लागला तर साक्षीपुरावा सुरू होईपर्यंत निम्मे विश्वस्त बदललेले असतील. या आठवड्यात उत्तर द्या. नोंद दुरुस्त करा, जुनी नोंद पुसू नका, बदलाची तारीख लिहा. रचनाकार सापडत नसेल तिथे ‘अज्ञात’ लिहा, ‘पारंपरिक’ नको.

मैफली संकेतस्थळावर टाकायला गायकांची किंवा त्यांच्या वारसांची लेखी परवानगी होती का, हे तुम्ही विचारलेलंच नाही. कागद असतील तर पाठवा.